खालचा वास

“खालचो येता काय, मॅडम?”

असं विचारून स्वतःचं मनगट माझ्या नाकासमोर धरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दिगंबर गावडे. हॉस्पिटलात सगळे त्यांना दिगूमामा म्हणायचे. आमच्याकडे वॉर्डबॉय, शिपाई, आया हे सगळे मामा आणि मावशीच असतात, त्यात नवल काही नाही. नवल हे की बाकीच्या मामांच्या खांद्यावर हात टाकून लोक त्यांना चहाला न्यायचे आणि दिगूमामांना लांबूनच हाक मारायचे. कारण दिगूमामा मागच्या बाजूला होते.

मागची बाजू म्हणजे शवागार. परळच्या ज्या मोठ्या हॉस्पिटलात मी रेकॉर्ड सेक्शनला एकोणतीस वर्षं काढली, तिथे तो शब्द कोणी तोंडातून काढत नसे. डॉक्टरसुद्धा “मागे पाठवा” एवढंच म्हणायचे. मामा तिथे कामाला होते. पोलिसांचे कागद, डॉक्टरांचे कागद आणि नातेवाइकांच्या सह्या जुळल्या की माझ्या टेबलावरून एक पास निघे आणि तो घेऊन मामा मागे जात. म्हणजे काम आम्हा दोघांचं एकच, मी कागद सोडायची आणि ते माणूस सोडायचे.

माझं नाक जन्माचं तिखट. फणसवाडीत आमच्या चाळीत कोणाकडे डाळ लागली तर त्या घरच्या बाईच्या आधी मला कळायचं. आणि जिभेला हाड नाही, ते वेगळंच. नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात मामा रजिस्टर घेऊन आले आणि माझा हात आपोआप पदराकडे गेला. नाकाला पदर लावून मी सही केली. मामा हलले नाहीत. अगदी सरळ, चौकशी करावी तसं विचारलं, “येता काय?”

“येतो,” मी म्हटलं.

वाटलं, आता हा माणूस चिडणार, साहेबांकडे जाणार. तर चेहरा उजळला हो त्यांचा! “थँक्यू मॅडम,” म्हणाले. “बाकी सगळे खोटा बोलतत. नाय येत, नाय येत म्हणतत आणि दोन हात लांब बसतत.”

आता लपवून काय करायचंय? त्या दिवशी मला त्यांचा कसलाही वास आला नव्हता. फिनेलचा आला असेल, आमच्या खोलीतल्या ओल्या फायलींचा आला असेल. हा माणूस कुठून आलाय हे मला माहीत होतं, तेवढ्यावर नाकाने आपलं आपण ठरवून टाकलं. पंधरा दिवसांत माझ्या लक्षात आलं. पण तोवर मामांच्या लेखी अख्ख्या हॉस्पिटलात खरं बोलणारी मी एकटी झाले होते, आणि मला, कशाला खोटं सांगू, त्याचा थोडा गर्वही झाला होता. आज सांगू, उद्या सांगू करत ते राहूनच गेलं.

मामांइतका स्वच्छ माणूस मी पाहिलेला नाही. अहो, सर्जन लोक इतकं घासत नसतील. ड्युटी संपली की मागच्या नळावर एक आंघोळ, भोईवाड्याला घरी पोचलं की दुसरी. सोमवार आणि गुरुवार नखं कापायची, म्हणजे कापायचीच, मग बोट सोललं तरी चालेल. कोपरापासून बोटांपर्यंत लिंबाची फोड चोळायची. घड्याळाला चामड्याचा पट्टा नको, चामडं वास धरतं. स्वेटर नको, लोकर वास धरते. लग्नाआधी मिशी होती म्हणे. “ती सगळो दिवस नाकाखाली वास धरून बसता,” म्हणून तीही गेली.

माणसाला दोन वास असतात, असं त्यांचं म्हणणं. वरचा वास आपण लावू तो. साबण, पावडर, तेल, अत्तर. खालचा वास माणसाच्या कामाचा. कोळ्याचा असतो, सुताराचा असतो, भटजीचासुद्धा असतो. वरचा जातो, खालचा राहतो. “सुतार घरी गेलो तर लाकडाचो वास येता, बरा वाटता. माझ्याबरोबर काय जाता घरी?” हे बोलताना ते हसायचे, पण आपल्याला हसू यायचं नाही.

त्या एका वासापुरतं त्यांचं स्वतःचं नाक कामातून गेलं होतं. इतकी वर्षं तिथे काढल्यावर दुसरं काय होणार? म्हणून त्यांना माझं लागायचं. पास न्यायला आले की कागद घेण्याआधी मनगट पुढे. मी वाकून वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा. माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई तेवढ्यापुरती उठून बाहेर जायची.

हे सगळं कशासाठी, तर मनालीसाठी. मनाली त्यांची एकुलती एक मुलगी. पाचवीत असताना तिच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं आणि उशीर झाला म्हणून मामा ड्युटीवरून थेट तिकडे गेले. पुढच्या रांगेतल्या कोणा मुलीने नाक दाबून विचारलं, “तुझे बाबा मेलेली माणसं धुतात ना?” झालं. त्या दिवशी ती पोर बापाच्या मांडीवरून उतरली ती कायमची. जेवायला बसताना मध्ये आई लागायची. बसमध्ये मध्ये आई. एकदा कॉलेजच्या फॉर्मवर सही घ्यायला आमच्या ऑफिसात आली होती, तर दारातूनच म्हणाली, “बाबा, पेन तिथेच ठेवा, मी घेते.” मी तिथेच फटकारणार होते तिला. मामांनी डोळ्यांनी गप्प केलं.

“लहान आसा,” ते म्हणाले. एकोणीस वर्षांची घोडी झाली होती ती!

तिने एकदा जवळ येऊन बसावं, आपणहून, नाक न आवळता. बस. त्या माणसाला दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

मग आमची अत्तरपरीक्षा सुरू झाली. फणसवाडीतून चालत निघालं की दहा मिनिटांवर अत्तरवाल्यांची दुकानं. सोमवारी संध्याकाळी मी एक नवी कुपी आणायची आणि मंगळवारी सकाळी ड्युटी सुरू होताना आम्ही दोघांनी ती लावायची. एक थेंब माझ्या मनगटावर, एक त्यांच्या. माझ्या हातावर वरचा कसा चढतो ते बघायचं आणि त्यांच्या हातावर खालचा दबतो का ते. संध्याकाळी पाच वाजता माझ्या खिडकीशी निकाल. आमच्या साहेबांना वाटायचं, आम्ही दोघं काही पूजाबिजा करतो.

मोगरा मामांनी दुपारीच नापास केला. “ह्यो नको. ह्यो आमच्याकडेच येता.” मला आधी कळेना. मग त्यांनी समजावलं. मोगऱ्याचे गजरे सवाष्ण बाईबरोबर येतात. गुलाब सगळ्यांबरोबर. निशिगंध हारातून. चंदनाच्या उदबत्त्या, वाळा, गुलाबपाणी, कापूर... चांगल्या वासाचं म्हणून माणसं जे जे शेवटचं आणतात, ते सगळं मामांच्या दारात येऊन पडलेलं असे. त्यांच्यासाठी जगातली सगळी फुलं बाटलेली होती. परदेशी स्प्रे आणला, तर म्हणाले, “ह्यो फिनेलचो भाऊ.” केवडा आणला, तर नुसते माझ्याकडे बघत राहिले. मीच कुपी परत पर्समध्ये टाकली.

“मॅडम, माका असो वास होयो,” एक दिवस ते म्हणाले, “जो मयताक कोण आणीत नाय.”

मी दुकानदाराला हे असंच्या असं सांगितलं. बिचारा दचकला. मग बराच वेळ कुपीमागून कुपी उघडत बसला आणि शेवटी कागदाची एक पट्टी बुडवून माझ्यापुढे धरली. म्हणाला, “नारंगी और नारंगी का फूल. शादीवाला नहीं, मय्यतवाला भी नहीं.”

पहिला वास आला तो संत्र्याचं साल दाबल्यावर डोळ्यांत चुरचुरतं ना, त्या रसाचा. लख्ख. पाच मिनिटांत त्यावर साखर चढली, आणि जरा जास्तच चढली. लहानपणी संत्र्याच्या फोडीच्या आकाराच्या गोळ्या मिळायच्या, वर साखर लावलेल्या, अगदी तशी. मी नाक मुरडलं. पण घरी जाईपर्यंत फूल वर आलं. नागपूरला जाऊन संत्र्याची फुलं मी काही हुंगली नव्हती. आजोळी मात्र विहिरीजवळ पपनसाचं झाड होतं, ते फुललं की सगळ्या आवाराला असाच वास यायचा. पांढरा, मधाळ, आणि त्या गोडाच्या आत पानाचा थोडा कडवटपणा. तेवढ्या कडवटपणामुळे ते अत्तर वाचलं होतं, नाहीतर निव्वळ सरबत.

मंगळवारी मामांना लावलं आणि मी माझं मत दिलं. “गोड जास्त आहे, मामा. पोरांच्या खोकल्याच्या औषधासारखं.”

“गोडच होया. आमच्याकडे गोड कायच नसता.” मग ते थांबले, विचार केला आणि विचारलं, “संत्रा मयताक कोण आणता?”

“कोणी नाही.”

“नायच आणीत,” म्हणाले आणि चक्क दात दाखवून हसले. मी त्यांचे दात त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

पाच वाजता मनगट आलं. माझ्या हातावरचा वास एव्हाना साबणासारखा फिका झाला होता. त्यांच्या हातावर फूल अजून टिकून होतं. कातडीकातडीचा फरक असतो, त्यांच्यावर ते खुललं होतं. “आणि खालचो?” त्यांनी विचारलं. खाली काही नव्हतं. कधीच नव्हतं. फक्त आज तसं म्हणायला मला निमित्त मिळालं.

“नाही, मामा. अजिबात नाही.”

त्यांनी डोळे मिटून घेतले.

मग काय, मामा रोज ते लावू लागले. कानामागे, कोपराच्या वळणात आणि गंजीफ्रॉकला. शर्टाला नाही, कारण शर्ट उन्हात तापला की वास उडतो, गंजीफ्रॉक मात्र अंगाच्या उबेने सावकाश सोडतो, हा त्यांचा शोध. दीडएक महिन्याने एका सकाळी ते धापा टाकत माझ्या टेबलाशी आले. “मॅडम! मनालीन माका स्कूटरवर मागे बसवल्यान! भोईवाड्यापासून हयपर्यंत! म्हणता, बाबा, आज काय मस्त वास येतोय.” एवढा मोठा बाप्या, पण डोळे भरून आले होते. मी म्हटलं, “मग मला काय, पेढे?” दुपारी खरंच पेढे आले. आमच्या सेक्शनमध्ये सगळ्यांनी खाल्ले, शेजारच्या बाईनेसुद्धा, आणि तेही मामांच्या हातून घेऊन.

इथे थांबलं असतं तर किती बरं झालं असतं.

आता त्यांच्या कामाबद्दल सांगायला हवं. ओळख पटवायला घरची माणसं येतात. कोणी रडतं, कोणाला भोवळ येते, कोणी दारातूनच मागे फिरतं. मामांचा नियम होता, घरच्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही. “तोंड बघितला तर रात्री जेवण जात नाय.” पण त्यांना बोलवण्याआधी ते एक प्रश्न हमखास विचारायचे, मान खाली घालून, “भांग कुठच्या बाजूक पाडत होते?” लोक चक्रावायचे. मग कोणीतरी सांगायचं, उजवीकडे, किंवा मधोमध. मामा आत जायचे, केस ओले करून त्या बाजूला भांग पाडायचे, कॉलर नीट करायचे, चादर गळ्यापर्यंत ओढायचे आणि मगच दार उघडायचे. “आई बघतली ना,” म्हणायचे. “वळखीचो दिसाक होयो.” कोणी सांगितलं नव्हतं, कुठल्या नियमात बसत नव्हतं. तीस वर्षं करत होते.

संत्र्याचं अत्तर हाती आल्यावर त्यांनी त्यात आणखी एक भर घातली. कापसाचा बोळा करायचा, त्यावर दोन थेंब टाकायचे आणि आत येणाऱ्याच्या हातात द्यायचा. “नाकाक धरा. बघा आणि लगेच मान फिरवा.” त्या बोळ्यामुळे किती माणसं उभी राहू शकली ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. सही करायला माझ्याकडे येत तेव्हा कापूस मुठीत घट्ट धरलेला असायचा. “ते मामा देवमाणूस आहेत हो,” म्हणायचे. माझ्या टेबलापाशी चार वर्षं संत्र्याच्या फुलांचा घमघमाट होता आणि मला, एवढं तिखट नाक असून, एकदाही कळलं नाही की आम्ही काय करतोय.

मनालीचं जमलं ते तिचं तिनेच जमवलं. मुलगा ओंकार पेडणेकर, वडाळ्याचा, तिच्याच ऑफिसातला. वडील नव्हते, आई होती. मोठा भाऊ हायवेवर अपघातात गेला होता, एवढं त्याने मनालीला सांगितलं होतं. मनालीने त्याला सांगितलं होतं की बाबा हॉस्पिटलात टेक्निशियन आहेत. मामांनी मान डोलावली. “टेक्निशियन तर टेक्निशियन.” बैठकीला हॉस्पिटलातलं कोणीतरी असलेलं बरं दिसेल म्हणून मला आमंत्रण. मी इस्त्रीची साडी नेसून, जिभेला लगाम घालून रविवारी दुपारी भोईवाड्याला गेले.

खोली आरशासारखी चकचकीत केली होती. आणि दारातच तो वास! मामांनी सकाळी लादी पुसायच्या बादलीत अत्तर टाकलं होतं. पडद्यांना, सोफ्याच्या अभ्र्यांना, टीव्हीवरच्या रुमालाला लावलं होतं. स्वतःचं तर विचारूच नका. “मामा, अहो जास्त झालं,” मी कुजबुजले. ते म्हणाले, “आज खालचो येता कामा नये.”

पेडणेकरबाई आल्या. साध्या, हसऱ्या बाई. मनालीला जवळ बसवून घेतलं, तिच्या हातावर हात ठेवला. पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि तिथेच थांबल्या. आधी वाटलं, ठसका लागला. मग त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पेला खाली ठेवला, पदर तोंडाशी धरला आणि उठून बाहेर गॅलरीत गेल्या. मी मागोमाग गेले. कठड्याला धरून त्यांना भडभडून ओकारी झाली.

मी पाठ चोळत होते. “माफ करा हं,” त्या म्हणत होत्या. “घर चांगलं आहे, पोर चांगली आहे. तो वास तेवढा...”

“कसला वास?”

“संत्र्याचा. तीन वर्षं झाली, माझ्या घरात संत्रं येत नाही. बाजारात गाडी दिसली तर मी रस्ता बदलते. माझा मोठा मुलगा, अमोल... परळलाच आणला होता त्याला. तिथे एकाने माझ्या नाकाला कापूस दिला होता. तोच वास. तेव्हापासून संत्रं म्हटलं की मला तेच दिसतं.”

मी वळून पाहिलं. पाण्याचा तांब्या घेऊन मामा दारात उभे होते. पेडणेकरबाईंनीही पाहिलं.

“तुम्ही भांग पाडला होतात,” त्या म्हणाल्या. “डावीकडे.”

मामांना तोंडं आठवत नसत. त्यांनी मान खाली घातली आणि हळूच म्हणाले, “मागे भोवरो होतो. केस बसत नव्हते.”

“लहानपणापासून,” बाई म्हणाल्या आणि कठड्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी मामांना हात जोडले. “उपकार आहेत तुमचे. माझा सख्खा भाऊ आत यायला तयार नव्हता, तुम्ही माझं पोर नीट करून दाखवलंत. पण मला इथे बसवत नाही हो. नाही बसवत.”

ओंकार त्यांना धरून जिन्याने खाली घेऊन गेला. आत मनालीच्या आईने केलेले पोहे निवत होते. मनाली सोफ्यावर जशी बसली होती तशीच बसून होती. आणि मामा पडदे काढायला लागले. एकेक कडी सोडवून पडदे काढले, अभ्रे काढले, सगळं बोचक्यात बांधलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं आपण एरवी हसत म्हणतो.

लग्न मोडलं नाही. पेडणेकरबाई शब्दाच्या पक्क्या. चार दिवसांत निरोप आला, मुलगी पसंत आहे, मामांच्या नोकरीबद्दल काही म्हणणं नाही, उलट आदरच आहे. मामांनी त्याच दिवशी कुपी नळाखाली रिकामी केली. “आता काय अडचण नाय,” मला म्हणाले. पण मग मनाली मला भेटायला दादरला आली. मी रानडे रोडला खरेदीला गेले होते, तिथे बोलावून घेतलं तिला.

“मावशी, तुम्ही सांगा ना बाबांना. माझ्या तोंडून नाही निघणार.”

“काय सांगू?”

“म्हणजे... हॉलवर नाही आले तरी चालेल. ओंकारची आई म्हणते, वास नसला तरी त्यांना बघितलं की येतो. त्या मुद्दाम नाही करत हो. साखरपुड्याच्या याद्या करायला बाबा आले होते, अत्तर न लावता, तरी त्यांना परत उलटी झाली. सगळ्यांसमोर, मांडवात असं झालं तर?”

माझं डोकंच फिरलं. भर रस्त्यात मी तिला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. “ज्या बापाने तुझ्यासाठी कातडी सोलवटून घेतली” इथपासून सुरुवात केली. तिने सगळं ऐकून घेतलं. रडत होती. मग म्हणाली, “मला काय आवडतंय का, मावशी? पण मला त्या घरात राहायचंय ना. रोज.”

निरोप काही मी दिला नाही. द्यावाच लागला नाही. दुसऱ्या दिवशी मामाच म्हणाले, “कन्यादान तिचो सख्खो मामा करतलो. मी त्या दिवशी ड्युटी घेतलंय.”

तेव्हा मात्र मला राहवेना. मागच्या नळावर ते हात घासत होते, लिंबाची फोड घेऊन, तिथे जाऊन उभी राहिले. म्हटलं, “मामा, ऐका. खालचा वास नाही तुम्हाला. कधीच नव्हता. पहिल्या दिवशी मी उगाच बोलून गेले. ह्या अत्तराची तुम्हाला कधी गरजच नव्हती. चूक माझी. तुम्ही लग्नाला जा, पुढे बसा, ज्याला त्रास होईल तो बाहेर जाईल.”

त्यांनी नळ बंद केला. माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, काही नव्हतं. थोडे हसले.

“तुमी पण, मॅडम?” म्हणाले. “तुमी पण आता बाकीच्यांसारख्या बोलूक लागलात.”

मी शपथा घेतल्या. त्यांचा हात धरून नाकाला लावला. ते मान हलवत राहिले. “माका बरा वाटाचा म्हणान सांगतास. मनाली कशाक लांब बसली असती मग?” तीस वर्षांत त्यांनी ज्या एका माणसावर विश्वास टाकला ती मी होते, आणि तो विश्वास मीच गमावला. त्यानंतर त्यांनी माझ्यासमोर मनगट धरलं नाही. पास घ्यायला यायचे ते दाराबाहेर उभे राहायचे आणि मी कागद खिडकीत ठेवायची. अत्तर नव्हतं ना आता अंगाला. त्यांच्या समजुतीने ते सगळीकडे तो वास घेऊन फिरत होते.

लग्नाला मी गेले. दादरचा हॉल, दुपारचा मुहूर्त. जेवणं झाली, निघायची वेळ झाली तेव्हा बाहेर आले, तर समोरच्या फुटपाथवर मामा. पांढरा नवा शर्ट, केस नीट विंचरलेले. रस्ता ओलांडून मी त्यांच्याजवळ गेले. “ड्युटी बदलून घेतलंय,” म्हणाले. “नुसता बघून जातंय.” त्यांच्या अंगाला धुतलेल्या कापडाचा वास येत होता. त्याखाली काही नाही.

मग मनाली बाहेर आली. शालू, मुंडावळ्या, डोळे सुजलेले. सजवलेल्या गाडीपाशी पोचली आणि तिला मामा दिसले. तिने ओंकारच्या हातातला हात सोडवला. शेल्याचं टोक गोळा करून ती रस्त्यात उतरली, गाड्यांचा विचार न करता, सरळ आमच्याकडे यायला लागली. मी मनात म्हटलं, ये बाई, ये. मामांनी आधी एक पाऊल पुढे टाकलं. मग त्यांनी मान वळवून झाडाच्या पानांकडे बघितलं. वारा आमच्याकडून हॉलकडे जात होता. त्यांनी हात वर केला, तळवा तिच्याकडे करून.

“थयच रव!” ते ओरडले. “थांब बाय, वारो थय जाता!”

मनाली रस्त्याच्या मध्यावर होती. मागून गाडीच्या दारातून सासू बघत होती. क्षणभर मनाली तशीच उभी राहिली, पुढे बघत. मग तिथूनच वाकून तिने नमस्कार केला आणि परत फिरली.

मी मामांकडे बघू शकत नव्हते. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर ते माझ्यापासूनही दोन पावलं बाजूला सरकले.

“थांबली, बघितलात?” म्हणाले. “शाणी आसा पोरगी.”

त्या महिन्याच्या शेवटी ते निवृत्त झाले आणि गावी गेले. माझ्या डोळ्यांसमोर मात्र ते राहिलेत ते लग्नाच्या त्या दिवशीचेच, पानं कुठल्या बाजूला हलतायत ते बघत परळच्या दिशेने जाताना.